एकाच डब्यातल्या तीन बाटल्या

मधाच्या धंद्यात माल डब्याने घेतात, बाटलीने विकतात आणि बोलणी मात्र थेंबाथेंबाची खावी लागतात. गिऱ्हाईक येतं, बाटली टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "मागच्या वेळचा चांगला होता, हा तसा नाही." त्याचं बरोबरच असतं. हा तसा नसतोच. गडचिरोलीच्या जंगलातला मध लागोपाठ दोनदा अगदी सारखा लागला, तर मलाच शंका येते की मधे कुणीतरी काहीतरी केलंय.

हे दुखणं किती मोठ्या घरचं आहे ते मला नागपूरच्या एका सर्जनसाहेबांनी सांगितलं. साहेब आमचा मध नेतात आणि फ्रान्समधल्या बोर्दोची जुनी वाइन जमवतात. एकाच शातोच्या, म्हणजे द्राक्षमळ्याच्या, एकाच सालच्या, एकाच दुकानातून घेतलेल्या दोन बाटल्या त्यांनी वर्षानुवर्षं थंड कपाटात आडव्या जपल्या होत्या. पहिली मुलीच्या साखरपुड्याला उघडली, तर व्याही मंडळी पेला खाली ठेवेनात. दुसरी स्वतःच्या निवृत्तीला उघडली. सगळे सहकारी जमलेले, साहेबांचं छोटंसं भाषण झालेलं, आणि बूच निघालं तसा ओल्या गोणपाटाचा वास सुटला. "दोन्ही जुळ्या बहिणी हो," साहेब मला सांगत होते, "तुमच्या मधाचं असं होतं का कधी?"

म्हटलं, साहेब, आमचं दर आठवड्याला होतं.

हे बोलणं नागपुरात झालं हे ओघाने आलंच. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. त्या सहा वर्षांत वैनगंगेच्या दोन्ही काठांवर कायद्याने कोरडं होतं. त्यामुळे आमच्या भागात जुन्या बाटलीचं कौतुक करायचं, तर ते वैद्याकडच्या बाटलीचं.

असे एक वैद्यबुवा ब्रह्मपुरीकडे आहेत. दर वैशाखात ते माझ्याकडून आग्या मोहोळाच्या मधाचा एक डबा घ्यायचे, स्वतःच्या हाताने बाटल्या भरायचे, बुचावर मेण ओतायचे आणि चिठ्ठीवर तिथी लिहून त्या माळ्यावर चढवायचे. आयुर्वेदात नवा मध वेगळा आणि जुना वेगळा. सुश्रुताच्या मते नवा मध अंगी लावणारा, तर जुना मेद कमी करणारा. जुना कधी म्हणायचा, याचंही उत्तर भावप्रकाशात आहे. एक वर्ष उलटलं की मध जुना. वैद्यबुवांचं मात्र वर्षावर समाधान नव्हतं. त्यांच्याकडे पाच-सहा वर्षांच्या बाटल्या असत, आणि त्या कुणाला द्यायच्या हे ते माणूस बघून ठरवत.

एकदा पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक त्यांच्याकडे आले. गुडघे धरलेले, वजन वाढलेलं. जुन्या मधाबद्दल कुठेतरी वाचून थेट ब्रह्मपुरी गाठली होती. योगायोगाने मी हिशेबासाठी तिथे बसलो होतो. वैद्यबुवांनी मुलाला माळ्यावर पाठवलं आणि एकाच तिथीच्या तीन बाटल्या खाली आणवल्या. तो डबा माझाच होता, त्यामुळे मी जरा सावरून बसलो.

पहिल्या बाटलीचं मेण सुरीने खरवडलं. बूच वर आलं तसा जांभळाच्या झाडाखाली उभं राहिल्यासारखा किंचित तुरट वास आला. मध काळपट तांबूस, चमचा तिरका केला की एकसंध खाली येणारा, जिभेवर आधी गोड आणि मग मागच्या बाजूला बारीकशी कडवट चव. प्राध्यापकांनी डोळे मिटले. वैद्यबुवांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. वर्षाकाठी एवढी एक दाद मिळाली तरी आमचा धंदा चालतो.

दुसऱ्या बाटलीचा खालचा अर्धा भाग दाणे धरून बसला होता. वर पातळ पिवळसर थर, खाली साजूक तुपासारखा रवाळ गोळा. प्राध्यापक म्हणाले, "ही साखर आहे." वैद्यबुवांचा चेहरा उतरला. साखर नव्हती ती, म्हणजे असली तरी मधाचीच होती. मधातला ग्लुकोज थंडीत दाणे धरतो, यात भेसळीचा काही संबंध नाही. पण पुण्याहून एवढ्या लांब आलेल्या माणसाला हे त्या क्षणी पटवणं अवघड.

तिसरी बाटली वैद्यबुवांनी उघडलीच नाही, ती आपणहून उघडली. मेण काढताच बूच 'फट्' करून उडालं आणि फेस त्यांच्या पांढऱ्या धोतरावर. आंबूस वास खोलीभर. प्राध्यापक दोन पावलं मागे सरले आणि शांतपणे म्हणाले, "हे औषध आहे की ताडी?"

वैद्यबुवांनी माझ्याकडे पाहिलं. तिथी तीच, डबा तोच, माळा तोच, मग तीन बाटल्या तीन तऱ्हेच्या कशा?

याचं उत्तर मला ठाऊक होतं. डबा ढवळला नव्हता. जंगलातून येणारा पंधरा किलोचा डबा एका मोहोळाचा क्वचितच असतो. दोन-तीन झाडांचा मध एकात ओतलेला असतो. जास्त पाण्याचा, पातळ मध हळूहळू वर येतो, घट्ट मध खाली बसतो, दाणे तळाशी. असा डबा न ढवळता पहिली बाटली भरली तर तिला वरचा पातळ मध मिळतो, शेवटच्या बाटलीला तळ. मधल्या बाटल्यांचं नशीब चांगलं. म्हणजे वैद्यबुवांनी ज्याला जुळं समजून जपलं, ती सख्खी भावंडंसुद्धा नव्हती, फार तर चुलत.

सर्जनसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. बोर्दोत अगदी असंच चालायचं म्हणाले. तिथली वाइन पिंपांत मुरते, आणि दोन पिंपं कधी सारखी नसतात. पूर्वी बऱ्याच ठिकाणी एकेक पिंप फोडून थेट बाटल्या भरत, तेही सवडीने, महिनोन्महिने. शिवाय सगळी वाइन शातोतच बाटलीत भरायची ही चालही जुनी नाही. मूतों शातोच्या बॅरन फिलिप द रोथशिल्डनी ती १९२४ मध्ये सुरू केली. पिंपच्या पिंप व्यापाऱ्याला विकायचं आणि बाटल्या त्याने कुठल्याशा गावात भरायच्या, हे पुढेही कित्येक वर्षं चालू राहिलं. कुणी पिंप नीट भरलेलं ठेवलं, कुणी अर्धं उघडं. लेबल मात्र सगळ्यांवर एकच. पन्नास-साठ वर्षांनी ज्याच्या हाती ती बाटली येते, त्याला कोणत्या पिंपातली, कुणी भरलेली, हे सांगणारं कुणी नसतं.

आमच्याकडे सांगणारं असतं. विचारत कुणी नाही.

आग्या माशीचं मोहोळ उघड्यावर असतं. अर्जुन, बेहडा, काटेसावर अशा उंच झाडाच्या आडव्या फांदीखाली एकच मोठं पोळं लटकतं. हातभर ते दीड हात रुंद, आणि एकेका झाडावर अशी अनेक. मध असतो तो पोळ्याच्या वरच्या भागात, फांदीला लागून, एका कडेला. त्याच्या खाली पराग आणि त्याखाली अंडी, अळ्या, कोष, म्हणजे माशीचं सगळं बाळंतघर. जुन्या रीतीत अंधाऱ्या रात्री टेंभा घेऊन झाडावर चढायचं, माश्या जाळायच्या-हाकलायच्या आणि अख्खं पोळं कापून खाली सोडायचं. घाई असते, अंगावर ठिणग्या आणि डंख असतात. खाली उतरलं की पोळं हाताने पिळायचं. मधाबरोबर पराग पिळला जातो, अळ्या पिळल्या जातात, मेण येतं, राख येते. अळीच्या अंगातलं पाणी मधात उतरलं की त्या मधाचं भविष्य ठरलं. मग तो चांदीच्या डब्यात ठेवा नाहीतर देव्हाऱ्यात.

कारण मधाचा सगळा खेळ पाण्याचा आहे. फुलातला रस पाण्याने भरलेला असतो. माश्या पंखांनी वारा घालून तो आटवतात आणि पुरेसा आटला की वर मेणाचं झाकण लावतात. हे झाकण म्हणजे माशीने दिलेला शिक्का. झाकण लागायच्या आत पोळं कापलं, तर मध कच्चा. आपल्या अन्नसुरक्षा मानकांत मधात पाणी जास्तीत जास्त २० टक्के चालतं. उघड्यावरच्या आग्या मोहोळाला ही रेघ पाळणं जड जातं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तर फारच. पाणी जास्त झालं की मधात मुळातच असलेलं किण्व जागं होतं, साखर खातं, मद्यार्क आणि वायू सोडतं. वैद्यबुवांच्या धोतरावर आलं ते हेच. आणि दुसऱ्या बाटलीचंही पुढे हेच झालं असतं. ग्लुकोजचे दाणे खाली बसताना वर उरलेल्या मधात पाण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून आंबायला सुरुवात नेहमी त्या पातळ थरातून होते. रवाळ मध वाईट नसतो, पण त्याच्यावरचं पाणी लक्ष ठेवण्यासारखं असतं.

गडचिरोली-धानोरा रस्त्यावरच्या मेंढा (लेखा) गावाने या पिळापिळीला वेगळं वळण दिलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावाबरोबर हे गाव देशाला माहीत झालं ते सामूहिक वनहक्कासाठी आणि बांबूसाठी. २००९ मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. वनहक्क कायद्याच्या गौण वनोपजाच्या यादीत बांबूबरोबर मधही आहे, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. पण या सगळ्याच्या आधीपासून मेंढ्यात अभ्यासगट बसायचे. कुठला ना कुठला प्रश्न घ्यायचा, जाणकाराला बोलवायचं, चर्चा करायची. अशाच एका अभ्यासातून माश्या न मारता मध काढायची पद्धत तिथे आली.

पद्धत ऐकायला सोपी आहे. अंगभर जाळीचा पोशाख घालायचा, दोराने स्वतःला फांदीशी बांधून घ्यायचं, जाळाऐवजी नुसता धूर द्यायचा आणि पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून बादलीत सोडायचा. अळ्यांचा भाग जागच्या जागी राहतो. माश्या परत बसतात, कापलेला भाग पुन्हा बांधतात, फुलोरा असला तर पुन्हा भरतात. खाली आलेला मध पिळायचा नाही. झाकणं सुरीने उतरवून कापडावर ठेवायचा आणि आपोआप गळू द्यायचा. अळीचा थेंब नाही, राखेचा कण नाही.

एवढं सगळं बाटलीवर दिसत नाही. पिळलेला मध आणि गाळलेला मध नव्या बाटलीत शेजारी ठेवले, तर पहिल्या आठवड्यात पिळलेलाच जास्त देखणा वाटतो, परागामुळे दाट आणि गढूळ, 'अस्सल जंगली' वाटणारा. शहरातलं गिऱ्हाईक बोट त्याच्याकडेच दाखवतं. मी काही बोलत नाही. धानोऱ्याकडचे मोहोळ उतरवणारे एक दादा मात्र बोलतात. एकदा गडचिरोलीच्या प्रदर्शनात एका मॅडमनी गढूळ बाटली उचलली, तर दादा म्हणाले, "बाई, ते नका घेऊ जी. त्यात पोरं हायेत." मॅडमना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा बाटली इतक्या हळू खाली ठेवली की काच वाजली नाही.

बाटलीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आठवडी बाजारात सुटा मध मिळतो तो बहुतेक वेळा दारूच्या रिकाम्या बाटलीत. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात या बाटल्या येतात कुठून, हा प्रश्न मी आजवर कुणाला विचारलेला नाही, आणि कुणी मला विचारू नये अशी इच्छा आहे. बाटली स्वच्छ दिसते, कारण ती धुतलेली असते. गोम तिथेच आहे. धुतलेली बाटली उन्हात पालथी घालून पूर्ण वाळवली नाही, तर तळाशी चमचाभर पाणी राहतं. एका डब्यातून भरलेल्या दहा बाटल्यांपैकी ज्या दोन ओल्या होत्या, त्या दोनच फसफसतात. लोक म्हणतात, माल मिसळ आहे. माल एकच असतो, बाटली ओली असते.

त्यावर बूच. आमच्याकडे मक्याच्या कणसाचं, नाहीतर चिंधीचं, फारच घाई असली तर पळसाच्या पानाचा बोळा. मध हवेतली ओल ओढून घेतो. कणसाचं बूच श्रावणात ओल धरतं आणि ती मधाला देतं. एक बूच घट्ट, दुसरं सैल, म्हणून एक बाटली टिकली, दुसरी गेली.

हे ऐकून सर्जनसाहेब हसले नाहीत. त्यांच्या हजारोंच्या बाटलीलाही झाडाच्या सालीचंच बूच असतं, आणि झाडाची साल दर इंचाला वेगळी. एक बूच वर्षानुवर्षं बेताची हवा आत सोडतं, शेजारचं जास्त सोडतं. एका बाटलीत वाइन मुरते, दुसरीत विटते. ओल्या गोणपाटाच्या वासाचं नावही त्यांनी मला सांगितलं, ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल. स्वित्झर्लंडच्या हान्स टॅनर यांनी १९८१ मध्ये हा पदार्थ बुचाच्या दोषामागे आहे हे दाखवलं. बुचात बसलेली बुरशी क्लोरीनच्या संयुगांशी मिळून तो तयार करते. लिटरभर वाइनमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी पुरे. म्हणजे साहेबांच्या निवृत्तीचा समारंभ नासवणारा ऐवज उघड्या डोळ्यांना दिसलाही नसता.

बुचाचा सगळ्यात महागडा किस्सा न्यूयॉर्कचा आहे. डिसेंबर १९८५ मध्ये लंडनच्या ख्रिस्टीजमध्ये १७८७ सालची म्हणून बोर्दोच्याच लाफित शातोची एक बाटली लिलावाला आली. काचेवर थॉमस जेफरसनची आद्याक्षरं कोरलेली. फोर्ब्ज घराण्याने ती १,०५,००० पौंडांना घेतली आणि न्यूयॉर्कमधल्या आपल्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत उभी ठेवली, वर झगझगीत दिवे. दिव्यांच्या उष्णतेने जुनं बूच सुकलं, आक्रसलं आणि एक दिवस आत वाइनमध्ये जाऊन पडलं. पुढे तर आणखी वाईट झालं. त्याच विक्रेत्याकडून, हार्डी रोडनस्टॉक या जर्मन संग्राहकाकडून, निघालेल्या अशाच बाटल्या बिल कोक या अमेरिकी उद्योगपतीनेही घेतल्या होत्या. त्याने तपास लावला, तेव्हा तज्ज्ञांचं मत पडलं की कोरलेली अक्षरं विजेवरच्या हत्याराने काढलेली आहेत. २००६ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. अठराव्या शतकात वीज कुठली, हा प्रश्न लिलावात कुणाला पडला नव्हता.

आमच्याकडची बनवेगिरी एवढी कलात्मक नसते, पण मोठी असते. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने १३ ब्रँडांचा मध तपासून घेतला. नेहमीच्या चाचण्यांत बरेचसे पास झाले. जर्मनीतल्या एनएमआर चाचणीसह सगळ्या कसोट्या लावल्या, तेव्हा फक्त ३ उरले. तांदळासारख्या धान्यापासून केलेला साखरेचा पाक मधात इतका बेमालूम मिसळतो की साध्या चाचणीला सापडत नाही. गंमत अशी, की असा माल कधीच निराश करत नाही. दर बाटली सारखी, रंग सारखा, धार सारखी. दाणे धरत नाही, फसफसत नाही. आपल्या घराघरांत 'शुद्ध मधाची' जी व्याख्या आहे, तिच्यात हा माल पहिल्या नंबराने पास होतो.

भेसळ नसलेला मोठा धंदाही सारखेपणासाठी बरंच काही करतो. निरनिराळ्या राज्यांतला मध मोठ्या टाकीत एकत्र करायचा, तापवायचा, बारीक गाळून पराग काढायचा, पाणी उडवायचं. यात बेकायदेशीर काहीच नाही. पण करंजाचा, कडुनिंबाचा, जांभळाचा असा वेगळा मग तो राहत नाही. मला त्यांचा राग येत नाही, हेवा मात्र वाटतो. त्यांच्या फोनवर कुणी "मागच्या वेळसारखा नाही" म्हणून ओरडत नाही.

तापवण्यावरून आमच्या उन्हाकडे येऊ. चंद्रपूरचं ऊन सांगायला नको, मे महिन्यात पारा ४५-४६ च्या घरात असतो. टिनाच्या छपराखालच्या गोदामात त्याहून जास्त. मध तापला की त्यातल्या साखरेपासून एक पदार्थ तयार होतो, एचएमएफ म्हणतात त्याला. मध किती जुना किंवा किती तापलेला, हे त्यावरून ओळखतात. भारतीय मानकात किलोमागे ८० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. थंड जागी एवढं साठायला वर्षानुवर्षं लागतात. पण तापमान सतत ४० अंशांवर राहिलं, तर किलोमागे ३० मिलिग्रॅम साठायला वीस ते पन्नास दिवस पुरतात. म्हणजे आमच्याकडे उन्हाळा हाच मधाचं वय ठरवतो. दोन वर्षांचा मध एकाच उन्हाळ्यात म्हातारा होतो, आणि तोही कुठे ठेवला त्यावर. खालच्या फडताळातला वेगळा, छपराला लागून माळ्यावरचा वेगळा.

यावरून एकदा भलताच प्रसंग ओढवला. वैद्यबुवांना एका औषधी कंपनीसाठी जुन्या मधाची मागणी आली. नमुना म्हणून त्यांनी आपली सर्वात लाडकी बाटली पाठवली, प्राध्यापकांनी डोळे मिटले होते तसलीच, काळपट, जांभळाच्या वासाची. प्रयोगशाळेचा अहवाल आला, एचएमएफ मर्यादेच्या कितीतरी वर, मध नापास. वैद्यबुवांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "भाऊ, यांना जुना मध पाहिजे की नवा?" कंपनीला ग्रंथातला जुना आणि कायद्यातला ताजा असा एकच मध हवा होता. शेवटी त्यांनी कुठून घेतला ते मला माहीत नाही. वैद्यबुवांनी माळा मात्र रिकामा केला आणि बाटल्या घराच्या मधल्या, मातीच्या भिंतींच्या खोलीत आणल्या. मला विचाराल, तर त्या काळपट मधाची चव मला आवडते आणि तरीही प्रयोगशाळेचं म्हणणं खोटं नाही. चवीला चांगलं आणि कागदावर नापास, असं एकाच बाटलीत असू शकतं.

आंबलेल्या मधाचं काय करायचं, हा आमच्यातला नाजूक विषय आहे. मध आंबवून मीड नावाचं मद्य करतात, पुण्यात आता त्याचा रीतसर व्यवसाय आहे. गडचिरोलीत ते शक्य नाही. एकदा आमचा एक मुलगा प्रदर्शनासाठी डझनभर बाटल्या पिशवीत घेऊन एसटीने निघाला. वैशाखातलं दुपारचं ऊन, पिशवी इंजिनाशेजारी. चामोर्शीच्या अलीकडे दोन बाटल्यांची झाकणं उडाली आणि आंबूस वास बसभर पसरला. कंडक्टरने बस थांबवली आणि पिशवीचा मालक कोण म्हणून विचारलं. पोरगं गप्प. पुढच्या सीटवरच्या एका आजीबाईने बोट बुडवून चाटलं आणि निकाल दिला, "मध हाय जी. बिघडला हाय, पण मध हाय." कंडक्टरने तिकिटाच्या मशीनकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि बस सोडली.

चाखण्यावरून आठवलं. मोठ्या हॉटेलात वाइन उघडली की आधी घोटभर गिऱ्हाइकाच्या पेल्यात ओततात. त्याने वास घ्यायचा, बूच बिघडलेलं असेल तर बाटली परत पाठवायची. सर्जनसाहेब म्हणतात, यात कुणाचा अपमान होत नाही, पद्धतच तशी आहे. बाजारात मध विकणाऱ्या बाया पूर्वीपासून हेच करतात. काडी बाटलीत बुडवून तुमच्या तळहातावर थेंब टेकवतात. अडचण सीलबंद बाटलीची आहे. तिथे चाखायला मिळत नाही आणि परत घ्यायला दुकानदार तयार नसतो.

म्हणून अलीकडे आम्ही काही ग्रामसभांबरोबर वेगळी चिठ्ठी करून पाहतो आहोत. झाड कुठलं, आजूबाजूला फुलोरा कशाचा, उतरवला कोणत्या महिन्यात, गाळला की पिळला, आणि भरताना रिफ्रॅक्टोमीटरवर पाणी किती टक्के आलं. रिफ्रॅक्टोमीटर हे हातात मावणारं यंत्र आहे. काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं, आतली रेघ वाचायची. मोहोळ उतरवणाऱ्या पोरांना त्याचा एवढा नाद लागला आहे की ती आता झाडाखालीच मोजतात आणि बावीस आला तर डबा वेगळा काढतात. डबा भरण्याआधी ढवळायचा, बाटल्या दोन दिवस उन्हात पालथ्या घालायच्या, हेही आता त्यांना सांगावं लागत नाही.

चंद्रपूरचे आमचे दुकानदार शेठ या चिठ्ठीवर नाराज आहेत. गेल्या खेपेला बेहड्यावरच्या मोहोळाच्या, करंजाच्या फुलोऱ्यातल्या, १९ टक्क्यांच्या बाटल्या त्यांच्याकडे दिल्या. महिन्याभराने फोन. "अहो, माल संपला, पण आता लोक विचारतात करंजाचाच पाहिजे. तुम्ही जांभळाचा पाठवलाय. हा कसा विकू?"

म्हटलं, शेठ, करंज फुलायला पुढचा उन्हाळा यावा लागेल.

"मग चिठ्ठीवर करंज कशाला लिहिलं?" ते म्हणाले, आणि जांभळाच्या दोन पेट्या तेवढ्या ठेवून घेतल्या.